जयतीर्थचा शनिवार

वेदिका धुमाळ बेंगळुरात रमली तर कुणाला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवू. नंतर भांडण नको.

तिच्या बाबांना, म्हणजे सुशांत धुमाळांना, मोठ्या हुद्द्याची पाटी, काचेची केबिन आणि ‘मुलगी काय छान ॲडजस्ट झाली’ असं चारचौघांत सांगायची सोय मिळणार होती. आईला, स्मिताला, एचएसआर लेआउटमधली पूर्वेची बाल्कनी मिळणार होती आणि सासरच्या गोतावळ्यापासून चांगलं लांबलचक अंतर. हे दुसरं ती कधी बोलली नाही. पण पुणं सोडताना तिचा पदर डोळ्यांकडे गेला नाही, हे बघणाऱ्यांनी बघितलं. नव्या शाळेच्या प्राचार्या धनलक्ष्मी मॅडमना ‘तुमच्याकडे बारावीत आलेली मुलं दोन महिन्यांत पळून जातात’ ही बोलणी ऐकावी लागणार नव्हती. आणि जयतीर्थ गलगली नावाच्या एका मुलाला — ज्याचं तोंडही वेदिकानं तोवर पाहिलं नव्हतं — शनिवार मिळणार होते.

वर्षाचे सगळे शनिवार.

आणि वेदिकाला? तिच्या वाट्याला काही नाही. उलट होतं ते गेलं. पुण्याच्या शाळेच्या खो-खो संघाची ती कर्णधार झाली होती. अकरावीच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी मैदानावर नाव पुकारलं होतं. सहावीपासून ती गुडघे फोडून घेत आली होती ती या एका वर्षासाठी. आणि त्याच आठवड्यात बाबांनी जेवताना विचारलं, “बेंगळुरूबद्दल तुझं काय मत आहे, वेदू?” ती मत द्यायला तोंड उघडते, तोच आई म्हणाली, “सामान न्यायला माणसं शुक्रवारी येतायत हं, कप्पा आवरून ठेव.”

मत विचारायची ही एक पद्धत असते. मोठ्या माणसांमध्ये फार लोकप्रिय आहे ती.

रडून, भांडून, दोन जेवणं टाकून तिच्या पदरात एकच गोष्ट पडली. बोर्डाकडे बारावीची नावं जाईपर्यंत जुनी शाळा तिची जागा ठेवणार होती आणि कोथरूडची आत्या तिला ठेवून घ्यायला एका पायावर तयार होती. बाबा म्हणाले, “जुलैअखेरीस शाळेनं स्वतःहून सांगितलं, की ही इथे रमत नाहीये, तर मी स्वतः तुला आत्याकडे सोडून येईन. शब्द देतो.”

शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं? कुठली शाळा असं स्वतःहून सांगते?

---

जूनमधला पहिला दिवस. घर एचएसआरला, शाळा इंदिरानगरला. नकाशात दोन बोटांचं अंतर, रस्त्यावर एक अख्खी सकाळ. शाळेच्या बसमध्ये मागच्या रांगेत एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर एका उंच मुलाची लांबच लांब पिशवी आडवी झोपली होती.

इथे कुणालाही अण्णा म्हणायचं, कामं पटापट होतात, असं बाबांनी शिकवून पाठवलं होतं.

“अण्णा, स्वल्प सरकता का?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पिशवी उचलून मांडीवर घेतली. एवढा वेळ पाहायची खरं तर गरज नव्हती…

शाळेच्या फाटकात फोन जमा करावा लागणार होता, त्याआधी वेदिकानं पुण्याला सिद्धीला फोन लावला. मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “सिद्धी, लिटरली जेल आहे गं! खो-खो नाहीच इथे, थ्रोबॉल खेळतात. थ्रोबॉल! चेंडू झेलायचा आणि परत द्यायचा, वाढदिवसाच्या भेटीसारखा… बसमध्ये आहे. शेजारी एक बसलाय, ताडमाड. तोंडाला कुलूप. मांडीवर ही एवढी पिशवी, आत प्रेत असल्यासारखी जपून धरलीय. छे गं, त्याला काय कळतंय! इथे मराठीत काहीही बोला, कुणाच्या बापाला समजत नाही. …डोळे? डोळे बरे आहेत. वाया गेलेत त्या चेहऱ्यावर.”

फोन संपला. बस कोरमंगलाच्या सिग्नलला गाडून घेतल्यासारखी उभी होती. खिडकीबाहेर एक माणूस स्कूटरवर बसून निवांत केळं खात होता.

“प्रेत नाही,” शेजारून आवाज आला. तो खिडकीबाहेरच बघत होता. “पॅड आहेत. हातमोजे आहेत. उघडून दाखवू काय?”

वेदिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “तू… तुम्ही… मराठी आहात?”

“घरात आहे की. दाराबाहेर कन्नड.”

“मग आधी सांगता येत नाही?”

“विचारलं कुठं तुम्ही? आल्या आल्या अण्णा करून टाकला मला. थोरला भाऊ झालो, आता गप्प बसायला पाहिजे म्हणून बसलो.” मग जरा थांबून, “आणि डोळ्यांचं चांगलं चाललं होतं… मधेच कशाला तोडू म्हणून.”

“याला चोरून ऐकणं म्हणतात!”

“चोरून काय त्यात? ते पुढं देवाप्पांनाही ऐकू गेलं असेल.”

“ड्रायव्हरकाकांना मराठी येतं?”

“निपाणीचे आहेत ते.”

पुढच्या आरशात दोन मिश्या हसल्या. “ताई,” देवाप्पा स्टिअरिंगवरून ओरडले, “डोळे खरंच बरे आहेत हो पोराचे!”

सगळी बस वळून पाहू लागली. वेदिकानं दप्तर तोंडासमोर धरलं. परक्या गावात माणसाला निदान स्वतःच्या भाषेत शिव्या देण्याचा तरी हक्क हवा की नको? या गावानं तोही ठेवला नव्हता.

---

तासाभरानं प्राचार्यांच्या खोलीत तीच पिशवी दाराशी टेकलेली दिसली आणि तिच्याशेजारी तेच डोळे.

“हा जयतीर्थ,” धनलक्ष्मी मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. “तुझा बडी. तुला काही अडलं तर याला विचार. आणि हो, बारावीच्या नव्या मुलांना शाळेच्या संघात घेत नाही आम्ही. नियम आहे. अभ्यासावर लक्ष दे.”

वेदिकानं खो-खोची प्रशस्तिपत्रकं फाइलमधून अर्धी बाहेर काढली होती. ती तशीच आत गेली.

आता शनिवारांची गोष्ट. बारावीला दर शनिवारी उजळणीचा वर्ग असायचा, सकाळी नऊ ते एक, आणि त्यातून सुटका म्हणजे केवळ आजारपण. जयतीर्थ शहरातल्या एका क्लबाचा यष्टिरक्षक होता. खरं तर दुसऱ्या क्रमांकाचा. दोन वर्षं तो बाकावर बसून पहिल्याच्या बोटाला दुखापत व्हायची वाट पाहत होता. यंदा पहिला कॉलेजसाठी चेन्नईला गेला आणि कोचनी सांगितलं, सामने शनिवारी, शनिवारी येणार असशील तर यष्टिरक्षकाचे हातमोजे तुझे. धनलक्ष्मी मॅडमनी मार्ग काढला: बारावीला आलेल्या नव्या मुलीला सांभाळ. जुलैअखेर ती रमली, राहिली, तर वर्षभर शनिवार माफ. तोवर जा तू, बघू.

मॅडम काही वाईट नव्हत्या. फक्त मुलांना मुलांवर सोपवून कामं करून घ्यायची त्यांना सवय होती.

---

बेंगळुरात प्रेम जमायला बागबगीचा लागत नाही. सिग्नल पुरतात. रोज जाताना तास, येताना दीड तास, शेजारी शेजारी. एवढ्या वेळात माणसं एक तर एकमेकांचे गळे धरतील, नाही तर…

ती दोघं आधी गळे धरायच्या बाजूला होती.

“तुमच्या सांबारात गूळ घालतात,” वेदिका म्हणायची. “गूळ! सांबारात!”

“तुमच्या आमटीत काय घालता? मिरची?”

“आमटीची गोष्ट वेगळी.”

“होय होय. पुण्याचा गूळ वेगळा.”

“आणि तू प्रत्येक वाक्यात ‘म्हणून’ का घालतोस? ‘येतो म्हणून सांगितला’, ‘भूक लागली म्हणून म्हणाला’… असं नसतं मराठीत.”

“आमच्यात असतं. विजापूरकडं चारशे वर्षं बोलतोय आम्ही, आजवर कुणी चूक आहे म्हणून सांगायला आलं नाही. तुम्हीच पहिल्या.” मग अगदी गंभीरपणे, “स्वागत आहे म्हणून सांगतो.”

ती हसायची नाही. हसली तर तो जिंकला असता. ती खिडकीकडे तोंड करून हसायची आणि काच तिचं हसू जसंच्या तसं त्याच्याकडे पोचवायची. हे तिला महिनाभर समजलं नाही. त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण त्यानं सांगितलं नाही.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कुणालाच आठवत नाही. चित्रान्नाच्या डब्यावरून झालं असावं. त्याच्या आईचं चित्रान्न — लिंबू पिळलेला भात, शेंगदाणे, वर कढीपत्ता — तिनं एकदा ‘चव बघते फक्त’ म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा दुप्पट मोठा झाला. विचारल्यावर म्हणाला, “मला भूक वाढलीय.” अर्धा डबा तर तीच खात होती.

मग तो शुक्रवार. परतीची वेळ, बारीक पाऊस, डोमलूरच्या फ्लायओव्हरवर गाड्यांची लाल शेपूट लांबवर. वेदिकाच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी राहिली होती, काही केल्या सरकेना. पाणी तिच्या खांद्यावर टपकत होतं. तक्रार करायची तर कुणाकडे? जयतीर्थनं पिशवीची चेन ओढली, यष्टिरक्षणाचा एक हातमोजा काढला आणि तिच्या पुढून हात नेऊन त्या फटीत कोंबला.

“अरे, भिजेल!”

“भिजू दे की.”

“उद्या मॅच आहे ना तुझी?”

“वाळेल.”

हात मागे घेताना त्याची बाही तिच्या केसांना किंचित लागली. दोघंही एकदम सरळ बसली, शाळेच्या प्रार्थनेला बसल्यासारखी. काचेवर धुकं धरलं होतं. पुढे देवाप्पांनी कुठलंसं जुनं कन्नड गाणं लावलं, आणि आरशाकडे एकदाही पाहिलं नाही. समजूतदार माणूस.

सोमवारी तिनं विचारलं, “कशी झाली मॅच?”

“एक झेल सुटला.”

“ओल्या मोज्यामुळे?”

“मोजा वाळला होता. लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

त्यानं पिशवीची चेन उघडली, परत लावली. “डोमलूरला,” म्हणाला.

---

त्याच आठवड्यात त्यानं आणखी एक उद्योग केला. मधल्या सुट्टीत तो तिला थ्रोबॉलच्या कोर्टावर घेऊन गेला आणि जाळीची दोरी सोडली. जाळी खाली पडली. उरले दोन खांब.

“बघ,” तो म्हणाला. “चालतील काय?”

वेदिका त्या खांबांकडे पाहत राहिली. दोन खांब आणि मध्ये माती… तिनं अंतर पावलांनी मोजलं, ओठ चावला आणि म्हणाली, “थोडे जवळ आहेत.” धन्यवाद म्हणायचे तर रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या चार मुली आल्या, नंतर बारा, मग कोर्ट पुरेना. त्यांना बसायचं कसं, पाठीवर थाप देऊन ‘खो’ कसा द्यायचा, खांबाला हात लावून गर्रकन कसं वळायचं… वेदिका घसा फुटेस्तोवर ओरडायची. मुली तिला अक्का म्हणायच्या. “अक्का, नाळे?” उद्या पण? “सरी, सरी,” ती म्हणायची. आणि आपण कुठल्या भाषेत होकार दिला, हे तिच्या ध्यानातही यायचं नाही.

इथे मंजुनाथ गोष्टीत येतो. हा अकरावीतला, जयतीर्थच्याच क्लबातला, आता दुसऱ्या क्रमांकाचा यष्टिरक्षक. जयतीर्थचे शनिवार गेले तर याला काय मिळणार, ते वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यानं जिन्यात वेदिकाला गाठलं आणि तोडक्या हिंदीत म्हणाला, “तुम को बोला नहीं उसने? तुम उसका सॅटरडे है. तुम सेटल, तो उसको छुट्टी. नहीं तो खाली हाथ.” वर एक गोड हसू. चांगली बातमी सांगणाऱ्यांचं हसू असंच असतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वेदिका बसली नाही. दांडी धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी माणूस आहे की शनिवार?”

जयतीर्थचा चेहरा उतरला. “कुणी सांगितलं?”

“म्हणजे खरं आहे! डबा, खिडकी, खांब… सगळं शनिवारसाठी! मी रमावं म्हणून!” तिचा आवाज बसभर गेला, पण आज आरशातल्या मिश्या हसल्या नाहीत. “माझं सगळं गेलं, कळतंय तुला? माझा संघ, माझ्या मैत्रिणी, माझं वर्ष. बाबांनी त्यांच्या हुद्द्यासाठी उचलून आणलं, मॅडमनी नियम दाखवला, आणि तू… तू मला गोड बोलून सुट्टी कमावत होतास!”

“सुरुवातीला होतो,” तो म्हणाला.

“काय?”

“पहिला आठवडा. खोटं कशाला सांगू? शनिवार पाहिजे म्हणून तुझ्याशी बोललो. त्यानंतर…” तो थांबला. बस हलली, ती अडखळली. त्यानं हात पुढे केला, तिनं दांडी घट्ट धरली. “त्यानंतर मला शनिवार आवडेना झाला. शनिवारी तू नसतेस.”

एरवी या वाक्यावर वेदिकानं काय केलं असतं, कुणास ठाऊक. त्या दिवशी तिला ते वाक्यही शनिवारच्या हिशेबातलंच वाटलं.

“एवढं खरं बोलतोस ना? मग जुलैअखेर मॅडम विचारतील तेव्हाही खरं बोल. सांग, रमली नाही म्हणून. मला पुण्याला जायचंय.”

“नक्की?”

“नक्की.”

“सांगतो,” तो म्हणाला.

---

त्यानंतर ती पुढच्या सीटवर, देवाप्पांच्या मागे बसू लागली. जयतीर्थ मागेच. डबा मात्र रोज तिच्या बाकावर यायचा, बरोबर अर्धा भरलेला. तिनं दोन दिवस परत पाठवला. तिसऱ्या दिवशी भूक लागली होती.

राग ओसरला, खरं म्हणजे, त्या चित्रान्नाबरोबरच. पण ओसरलेला राग जाऊन कबूल करायचा म्हणजे आपणच चढलेली शिडी लोकांदेखत उतरायची. पुण्याच्या मुलीकडून अशी अपेक्षा करू नये. शिवाय त्याला कळेलच, असं तिला वाटत होतं. रोज बघतो तर खरं! ती मुलींना खो-खो शिकवते, बसमध्ये देवाप्पांशी मोडकं कन्नड बोलते, सांबार मागून घेते… सिद्धीनं फोनवर विचारलं, “येतेयस ना? सरांनी कर्णधार अजून बदलला नाहीये.” तेव्हा वेदिका पहिल्यांदाच म्हणाली, “बघू.” ‘बघू’ म्हणजे काय, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं.

जुलैचा शेवटचा दिवस. प्राचार्यांच्या खोलीत आई, बाबा, वेदिका, आणि दाराशी जयतीर्थ. बाबांचा फोन टेबलावर उलटा ठेवलेला, दर मिनिटाला थरथरणारा.

“मार्क चांगले आहेत,” धनलक्ष्मी मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. “शिक्षकांची तक्रार नाही. बोर्डाकडे नावं पाठवायची आहेत. जयतीर्थ, तू रोज बरोबर असतोस. औपचारिकता म्हणून विचारते. सेटल्ड?”

बाबांनी फोन उचलला सुद्धा. झालंच होतं की सगळं.

“नाही, मॅडम,” जयतीर्थ म्हणाला.

मॅडमनी यादीवरून मान वर केली.

“नाही म्हणजे?”

“ती रमलेली नाही. तिला पुण्याला पाठवलं तर बरं होईल.” तो जमिनीकडे बघून बोलत होता. “माझ्याकडून कमी पडलं असेल.”

बाबांचा फोन हातातच राहिला. दिलेला शब्द असा अंगावर येईल, हे त्यांच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं. मॅडमनी पेन उचललं. आणि वेदिका — जिला हवं ते सगळं त्या क्षणी मिळालं होतं, पुणं, आत्या, संघ, सगळं — ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

“तू कोण ठरवणारा, मी रमले नाही म्हणून?”

मराठीत. अख्ख्या घशानं.

“तूच सांगितलंस की,” जयतीर्थ भांबावला. “नक्की म्हणालीस.”

“तेव्हा रागात होते मी!”

“राग गेला म्हणून सांगितलं नाहीस…”

“सांगावं लागतं? रोज तुझा डबा खाते, चाटूनपुसून! रोज त्या मुलींना उद्याचं ‘सरी’ देते! पुढच्या सीटवर बसते आणि आरशातून मागे बघते, ते देवाप्पांनासुद्धा कळलं, तुला नाही! विकेटमागे उभा राहून वीस पावलांवरचा चेंडू दिसतो तुला, आणि समोरची मुलगी दिसत नाही? कसला रे यष्टिरक्षक तू? हातात आलेला झेल सोडतोस!”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं, तेव्हा कुठे तिला आठवलं, की या खोलीत मराठी समजणारी आणखी दोन माणसं आहेत आणि ती तिचे आईवडील आहेत.

आईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. बाबांचं तोंड उघडं होतं. “वेदू… हा कोण आहे?” ते एवढंच म्हणू शकले. नव्या गावात मुलगी दोन महिने कुणाशेजारी बसून शाळेत जाते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं कधी?

“काय म्हणतेय ती?” धनलक्ष्मी मॅडमनी चष्म्यावरून जयतीर्थकडे पाहिलं. “ट्रान्सलेट.”

जयतीर्थचे कान जास्वंदीसारखे झाले होते. त्यानं वेदिकाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

“रमलीय म्हणते, मॅडम.”

“एवढं मोठं भाषण, आणि अर्थ एवढाच?”

“हो मॅडम,” तो म्हणाला. “एवढाच आहे.” आणि हसला. पहिल्यांदाच, लपवता न आल्यासारखा.

मॅडमनी वेदिकाचं नाव बोर्डाच्या यादीत घातलं. मग पेन खाली ठेवून त्याच्याकडे वळल्या. “आणि तू. दोन महिने शेजारी बसून तुला एवढंही कळलं नाही? चुकीचा रिपोर्ट दिलास, पालकांसमोर. येत्या शनिवारपासून वर्गात ये.”

“मॅडम, हा अन्याय आहे!” वेदिका इंग्रजीत ओरडली. “मी रमले ना? ठरलं होतं ना तसं?”

“नियम आहे,” मॅडम म्हणाल्या. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

---

बाहेर व्हरांड्यात दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. आईबाबा आत सह्या करत होते. खाली थ्रोबॉलच्या कोर्टावर मुली जाळी सोडत होत्या.

“मूर्ख आहेस,” वेदिका म्हणाली. “एक शब्द बोलायचा होता. रमली. तुझे शनिवारही राहिले असते आणि…”

“आणि तूही.”

“हो. मग?”

“म्हणूनच बोललो नाही.” तो हातांकडे बघत होता, चेंडू लागून लागून वाकडी झालेली बोटं. “तू राहावीस असं मला इतकं वाटत होतं, की माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. आरशातून बघतेस, ते दिसत होतं. पण वाटलं, आपल्याला पाहिजे तेच आपण बघतोय. ज्याचा फायदा, त्याची साक्ष धरायची नाही. तुला जायचं असेल, आणि माझ्या सोयीसाठी तुला राहावं लागलं… तुझ्या बाबांसारखंच झालं असतं की ते.”

वेदिका खाली कोर्टाकडे बघू लागली. बदली ठरल्या दिवसापासून एवढा विचार तिच्यासाठी कुणीच केला नव्हता. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला.

“पुन्हा असं करायचं नाही,” ती म्हणाली. “मला विचारायचं. समोर. उत्तर येईपर्यंत थांबायचं.”

“विचारू?”

“विचार.”

“मागच्या सीटवर येतेस काय?”

ती थांबली. मुद्दामच थांबली, एवढा हक्क तिचा होता. खाली कुणीतरी ‘खो’ म्हणून ओरडलं.

“सरी,” ती म्हणाली.

---

शनिवार आला. नऊ वाजता उजळणीचा वर्ग भरला, फळ्यावर रसायनशास्त्र. दहाच्या सुमारास जयतीर्थनं खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या बाकावरून वेदिकानं ते बरोबर टिपलं.

“टॉस झाला असेल,” ती हळूच म्हणाली.

“झाला असेल.”

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय की.”

‘छे, तू आहेस ना’ असलं काही तो बोलला नाही, हे तिला फार आवडलं. “मलापण,” ती म्हणाली. “सिद्धीचा मेसेज आला. सरांनी कर्णधार तिला केलंय.”

त्यानं आपली वही तिच्या बाजूला थोडी सरकवली, फळ्यावरचं तिचं उतरवायचं राहिलं होतं.

तर जमाखर्च असा. बाबांना पाटी मिळाली, केबिन मिळाली. घरी जाताना ‘बघ, मी म्हणत होतो ना’ असंही ते आईला म्हणाले, फक्त त्या मुलाचं आडनाव दोनदा विचारून घेतलं. आईला बाल्कनी मिळाली. मॅडमची मुलगी टिकली. मंजुनाथला मोजे मिळाले आणि त्यानं पहिल्याच सामन्यात दोन झेल घेतले, हेही सांगायला हवं. ज्यांनी ज्यांनी काही ठरवलं, त्यांच्यापैकी एकाच्याही वाट्याला काडीची तोशीस आली नाही. भरलं ते सतरा-सतरा वर्षांच्या दोघांनी. त्यानं दोन वर्षं वाट पाहून मिळालेली जागा, आणि तिनं सहा वर्षं गुडघे फोडून मिळवलेला संघ. आणि एवढं भरूनसुद्धा, ‘तुमचं किती गेलं रे पोरांनो?’ म्हणून त्यांना एकाही मोठ्या माणसानं विचारलं नाही.

विचारलं असतं, तरी त्या दोघांनी सांगितलं नसतं. मग मिळालं काय, तेही सांगावं लागलं असतं.